विमान बांधणे म्हणजे वेळ घालवणे नव्हे



मोबाईलवर माइनक्राफ्ट नावाचा ठोकळ्यांचा खेळ आहे. त्यात मी लढाऊ विमान बांधत आहे. आमच्या घरी फोन एकच, तो आप्पांचा. दादाला गोळीबाराच्या खेळासाठी एक तास मिळतो आणि मला अर्धा. कारण काय, तर "पोरीला विमान कशाला?" अर्ध्या तासात एक पंखसुद्धा पुरा होत नाही. म्हणून मी माझे मत येथे मांडत आहे.

आमच्या गावावरून ओझरची विमाने जातात. आवाज आला की बाईसुद्धा शिकवायच्या थांबतात, कारण काही ऐकूच येत नाही. ओझरच्या कारखान्यात पूर्वी मिग-२१ बनत, नंतर सुखोई-३० बनू लागली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे तयार झालेले पहिले तेजस मार्क-१ए उडाले. मी सुखोई निवडले, कारण त्याला शेपटाशी दोन उभे पंख असतात आणि इंजिनेही दोन असतात.

सुखोई सुमारे २२ मीटर लांब असते. पंखांसकट रुंदी १४.७ मीटर आणि उंची ६ मीटरच्या थोडी वर. खेळातला एक ठोकळा म्हणजे एक मीटर. मग २२ ठोकळे लांब आणि १५ रुंद बांधले की झाले, असे वाटेल. पण तसे केले तर विमानाचे नाक मुसळासारखे जाड दिसते, टोक येतच नाही. म्हणून सगळी मापे दुप्पट केली. लांबी ४४, रुंदी २९, उंची १३. रुंदी २९ घेतली ते बरे, कारण मधे एक ओळ आणि दोन्हीकडे चौदा-चौदा. ३० घेतले असते तर मधली ओळच राहिली नसती.

दादा म्हणाला, "माप दुप्पट, म्हणजे ठोकळे दुप्पट." मी त्याला शाळेतल्या गणितपेटीतले ठोकळे मांडून दाखवले. एका ठोकळ्याची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली की आठ ठोकळे लागतात. तो गप बसला. आता सांगा, हे गणित नाही तर काय?

काही मुले व्हिडिओ बघून एकेक ठोकळा तसाच ठेवत जातात. मला ते आवडत नाही. ते म्हणजे शेजारच्याची वही बघून लिहिणे. माप आपण काढावे.

आई म्हणते, पुठ्ठ्याचे कर, हातात तरी धरता येईल. आईचे थोडे खरे आहे. खेळात पंख आणि धड यांच्यामधला ठोकळा काढला तरी पंख तसाच हवेत लटकून राहतो. वाळूसारखे थोडे ठोकळे तेवढे पडतात. म्हणजे वजन काय असते ते हा खेळ शिकवत नाही. ते पुठ्ठ्यानेच कळते, पंख लोंबायला लागला की लगेच! पण पुठ्ठा चुकीचा कापला की गेला. खेळात दहादा मोडून पुन्हा करता येते, पैसा लागत नाही.

विमान बांधले तरी ते उडत नाही, म्हणून दादा चिडवतो. मग दिवाळीत आपण मातीचा किल्ला करतो, त्यावर तरी कोण लढाई करतं? तरी सगळी आळी बघायला येतेच की.

आणि "पोरीला कशाला" याचे उत्तर. अवनी चतुर्वेदी यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये मिग-२१ एकट्याने उडवले. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलातून निवृत्त झाले, पण त्यांचे ते उडवणे काही निवृत्त होत नाही.

माझे मागणे लई मोठे नाही. शनिवारी सकाळची शाळा असते. दुपारी भांडी घासून झाल्यावर मला एक तास सलग फोन द्यावा. दादाला जेवढा, तेवढाच. गोळीबाराला तास मिळतो तर बांधणाऱ्याला अर्धा का?

चौकटीच्या कागदावर विमानाचा आराखडा काढून शेजारी टाचणीने लावला आहे. एक चौकट म्हणजे एक ठोकळा. पालकांनी मोजून बघावे. जेवढे निळे रंगवले आहे तेवढे बांधून झाले आहे, डावा पंख अजून कोरा आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी