शत्रुंजय पट : चित्रातील चढण

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि पालिताण्याचा शत्रुंजय पर्वत यात्रेकरूंसाठी पुन्हा खुला होतो. साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या ज्यांना झेपत नाहीत, ते आपल्या गावीच शत्रुंजय पटासमोर हात जोडून भावयात्रा करतात. पटावर डोंगर, वृक्ष, वळणावळणाची वाट आणि शिखरावर भगवान आदिनाथांचे मंदिर असते. दूरची वस्तू लहान दिसावी, हा दृष्टीचा नियम. चित्रकार मात्र सर्वांत दूरचे मंदिरच ठळक रंगवतो. येथे माप श्रद्धेचे असते. ही चढण म्हणजे आत्म्याची चौदा गुणस्थाने मानली, तर थकलेल्या गुडघ्यांनाही ती खुली आहे. वाटेत क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय एकेक करून खाली ठेवता आले, तर भावयात्रा सफल झाली.