पेशी रुग्णाची, पैसा जनतेचा, मालकी कोणाची?

४ एप्रिल २०२४ रोजी पवईच्या आयआयटीत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते 'नेक्सकार-१९' या उपचाराचा प्रारंभ झाला. कर्करोगावरील ही भारतातील पहिली स्वदेशी कार-टी पेशी-उपचारपद्धती. अशा समारंभांना लोकार्पण म्हणण्याची या देशात रीत आहे. परंतु लोकांना अर्पण झालेल्या वस्तूची किंमत तीस ते चाळीस लाख रुपयांच्या घरात असावी आणि त्यात कोणालाही विसंगती वाटू नये, यातच आजच्या आरोग्यव्यवस्थेचे मर्म साठलेले आहे.

संशोधकांच्या कर्तृत्वाला उणेपणा आणण्याचे काहीच कारण नाही. रुग्णाच्याच रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांत नवे जनुक घालायचे, त्यांची संख्या वाढवायची आणि रक्ताच्या कर्करोगाशी लढण्यासाठी त्या पुन्हा त्याच शरीरात सोडायच्या, अशी ही किमया आहे. २०१७ साली नोव्हार्टिसने अमेरिकेत 'किमराया' विक्रीस आणले तेव्हा त्याची किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे तीन कोटी रुपये ठेवली होती. त्याच प्रकारचा उपचार सुमारे दशांश किमतीत होऊ शकतो, हे आयआयटीचे राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेने आणि टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी दाखवून दिले.

यावर कंपन्यांचा युक्तिवाद ठरलेला असतो. संशोधनातला धोका आम्ही पत्करला, प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र उत्पादन करावे लागते, म्हणून किंमत अटळ आहे, असे त्या सांगतात. उत्पादन खर्चिक आहे, हे खरे. पण धोका कोणी पत्करला? या कल्पनेचा पाया १९८९ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेत झेलिग एशार यांनी घातला. तिची वाढ पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आणि अमेरिकन सरकारच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत झाली. त्या सरकारी संस्थेतील संशोधनावर उभी राहिलेली काइट फार्मा ही कंपनी गिलियडने २०१७ साली ११९० कोटी डॉलरना विकत घेतली. ज्ञान जनतेच्या पैशातून निपजले आणि मोल भागधारकांच्या पदरात पडले. मुंबईतही प्रयोगशाळा, वेतने, अनुदाने आणि चाचण्यांची रुग्णालये यांमागे सरकारी तिजोरीच उभी होती. उत्पादन मात्र इम्युनोअ‍ॅक्ट या खाजगी कंपनीकडे आहे, आणि २०२१ साली लॉरस लॅब्ज या औषध कंपनीने तिचा चतुर्थांशाहून अधिक हिस्सा घेतला.

भारतात मजुरी स्वस्त म्हणून उपचार स्वस्त, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर बार्सिलोनात आहे. तेथील हॉस्पिटल क्लिनिक या सार्वजनिक रुग्णालयाने स्वतःच्याच प्रयोगशाळेत कार-टी उपचार तयार केला. २०२१ साली स्पेनच्या औषध नियंत्रकांनी त्याला मान्यता दिली, आणि त्याची किंमत सुमारे ८९ हजार युरो ठरली. युरोपातील वेतने देऊनही ही किंमत अमेरिकन किमतीच्या पाव हिश्श्याच्या आसपास राहते. मग उरलेले तीन हिस्से कशाचे दाम होते?

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. गोळ्या-औषधांच्या बाबतीत या देशाने मक्तेदारी मोडून दाखविली आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर नव्हे, तर केवळ ते बनविण्याच्या प्रक्रियेवर पेटंट मान्य केले आणि स्वस्त औषधांचा उद्योग उभा राहिला. २००५ साली पदार्थावरील पेटंट परत आले, तरीही २०१२ साली बायरच्या 'नेक्सावर' या कर्करोगावरील औषधासाठी नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना देण्यात आला, आणि महिन्याला दोन लाख ऐंशी हजारांचे औषध सुमारे ८,८०० रुपयांवर आले. जिवंत पेशींच्या बाबतीत हे शस्त्र बोथट आहे. गोळीचे रासायनिक सूत्र हाती आले की दुसरा कारखाना ती बनवू शकतो. पेशी-उपचाराचे गुपित केवळ कागदावर नसते, ते विषाणू-वाहकांत, उपकरणांत आणि काम करणाऱ्यांच्या हातांत असते. परवाना मिळाला तरी हे कसब मिळत नाही. म्हणून तंत्रज्ञान कंपनीच्या स्वाधीन करण्याचा क्षण हाच जनतेच्या हाती असलेला खरा क्षण. तो निसटला की पुढे उरतात त्या केवळ विनवण्या.

असा क्षण पुन्हा आला आहे. सिकलसेलवरील 'कॅसजेव्ही' या जनुक-उपचाराची अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर आहे. भारतात याच रोगासाठी सीएसआयआरच्या दिल्लीतील संस्थेने 'बिरसा १०१' विकसित केले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपविले. सिकलसेल हा गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासींचा रोग आहे. पिढ्यान्‌पिढ्या सांधेदुखी आणि रक्तक्षय सोसणाऱ्या त्या माणसांचे दैवत ठरलेल्या बिरसा मुंडांचे नाव उपचाराला दिले गेले. नाव देणे सोपे असते. त्या नावाला जागणे म्हणजे धडगावच्या मजुराला रक्ततपासणीपासून रुग्णालयातील शेवटच्या दिवसापर्यंत एक पैसाही न मोजता तो उपचार मिळणे. 'आयुष्मान'सारख्या योजनेची पाच लाखांची वार्षिक मर्यादा तेथवर पोहोचणार नाही.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. सरकारी पैशातून जन्मलेल्या प्रत्येक उपचाराच्या हस्तांतर-कराराच्या अटी, किंमत ठरविण्याच्या पद्धतीसह, संसदेपुढे मांडल्या जाव्यात. उत्पादनाचा खर्च जाहीर व्हावा. एकाच कंपनीला अनन्य हक्क देऊ नयेत. बार्सिलोनाप्रमाणे सार्वजनिक रुग्णालयांतही उत्पादनाची सोय असावी, आणि कंपनीने उत्पादन थांबविले तर तंत्रज्ञान आपोआप सरकारकडे परत यावे. यात कोणाच्या न्याय्य मोबदल्याला धक्का लागत नाही.

ज्याच्या रक्तातील पेशी हाच या उद्योगाचा कच्चा माल, त्यालाच त्या पेशी परत मिळवण्यासाठी शेत विकावे लागणार असेल, तर त्या विज्ञानाला प्रगती म्हणण्याचा अधिकार कोणालाही उरत नाही.