खेळकथा आणि आमचे रसिक

मागील महिन्यांत एका साहित्यचर्चेंत बोलतांना, संगणकावर खेळल्या जाणाऱ्या कांहीं कथा वाङ्मय म्हणून विचारांत घेण्याच्या योग्यतेच्या आहेत, एवढें साधें विधान मीं केलें. त्यावर सभेंत जो हशा पिकला तो अद्याप माझ्या कानांत आहे. एका विद्वान् गृहस्थांनीं तर, "पन्नाशी उलटल्यावर विटीदांडू खेळण्यास कोणाची हरकत नाहीं, मात्र त्याला महाकाव्य म्हणूं नये," असा टोला देऊन टाळ्या घेतल्या. विनोद बरा होता. पण विनोद म्हणजे युक्तिवाद नव्हे. आपण असा एकही खेळ पाहिलेला नाहीं, हें त्याच गृहस्थांनीं मागाहून चहाच्या वेळीं अभिमानानें सांगितलें. पुस्तक न उघडतां त्यावर अभिप्राय देणाऱ्या टीकाकाराची आपण कशी संभावना करतों? मग व्हिडिओ गेमच्या बाबतींतच अज्ञान हें भूषण कां ठरावें?

माझा पक्षपात मी प्रथमच कबूल करतों. विल क्रौथर या अमेरिकन गृहस्थानें १९७६ च्या सुमारास रचलेला व डॉन वुड्सनें १९७७ मध्यें वाढविलेला गुहाभ्रमणाचा 'ॲडव्हेंचर' हा खेळ तरुणपणीं माझ्या हातीं आला, तेव्हांपासून हा छंद मला जडला. त्या खेळांत चित्र नाहीं, ध्वनि नाहीं. पडद्यावर चार ओळींचें वर्णन उमटतें, आणि त्याखालीं तुमच्या आज्ञेची वाट पाहणारी एक कोरी ओळ असते. दिवसा वर्गांत कीट्स शिकवावा आणि रात्रीं त्या गुहेंत दिवा घेऊन चाचपडावें, असा माझा कित्येक महिने क्रम होता. ज्या कथेंत पुढील पाऊल वाचकानें टाकल्यावांचून कथा पुढें सरकत नाहीं, तिला या लेखापुरतें मी 'खेळकथा' म्हणतों.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं, हे खेळ म्हणजे गोळीबार, कालक्षय आणि जुगार. यांतील बराच भाग मला मान्य आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी घालणारा कायदा आपल्या संसदेनें २०२५ मध्यें केला, आणि त्या खेळांपायीं उध्वस्त झालेलीं घरें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांना त्या कायद्याचें कारण सांगावयास नको. पण त्याच कायद्यानें इतर खेळ त्यांतून वेगळे काढले आहेत, हें आमचे रसिक विसरतात. जो भेद कायद्याला दिसतो तो साहित्याच्या टीकाकाराला दिसूं नये काय? निकृष्ट कादंबऱ्यांचे ढीग रस्त्यावर विकले जातात म्हणून हरिभाऊ आपट्यांची योग्यता तिळभर कमी होत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रॉजर ईबर्ट या नामांकित अमेरिकन चित्रपटटीकाकारानें २०१० मध्यें, व्हिडिओ गेम कधींच कला होऊं शकणार नाहीं, असें लिहिलें. वाचकाच्या हातीं सुकाणू दिलें कीं कर्त्याचा अधिकार संपला, असा या पक्षाचा आशय आहे. त्याच वर्षीं ईबर्टनें, न खेळतां आपण असें लिहावयास नको होतें, असें मोकळेपणानें कबूल केलें. मत मात्र सोडलें नाहीं. त्याचा हा प्रामाणिकपणा आमच्या सभेंतील गृहस्थांनीं उचलला असता तरी मला समाधान वाटलें असतें.

परंतु मूळ मुद्द्याचें उत्तर उदाहरणानेंच देणें बरें. ल्यूकस पोप यानें २०१३ मध्यें 'पेपर्स, प्लीज' ही खेळकथा प्रसिद्ध केली. काळ १९८२ चा; देश आर्स्टोट्झ्का नांवाचा, काल्पनिक. सरकारी सोडतींत तुमचें नांव निघालें आहे आणि सरहद्दीच्या नाक्यावर येणाऱ्यांचे कागद तपासण्याची नोकरी तुम्हांस मिळाली आहे. दिवसभरांत जितकीं माणसें तपासाल तितकें वेतन. चुकलांत तर प्रथम ताकीद, मग दंड. संध्याकाळीं भाडें, अन्न आणि घरांतील ऊब यांचा हिशेब मांडावा लागतो. पैसा अपुरा पडला कीं घरचीं माणसें आजारी पडतात. नियम दिवसेंदिवस वाढत जातात.

एके दिवशीं एक इसम येतो. त्याचे कागद चोख असतात. जातां जातां तो विनवितो कीं, मागून माझी बायको येत आहे, तिच्याशीं दयेनें वागा. बायको येते; तिच्यापाशीं प्रवेशाचा परवाना नसतो. परत गेल्यास आपला जीव जाईल, असें ती सांगते. माझ्या ताकिदी त्या दिवसापुरत्या संपल्या होत्या आणि घरीं मुलगा आजारी होता. मीं तांबडा शिक्का मारला.

पडद्यावरील ती आकृति म्हणजे कांहीं ठिपक्यांचा समुच्चय, हें मला ठाऊक होतें. तरीहि त्या रात्रीं मला आमच्या प्रवेशसमितीचें टेबल आठवलें. शाळा सोडल्याचा दाखला मुदतींत आणूं न शकलेल्या एका मुलाला, "नियम आहे," असें म्हणून मीं परत पाठविलें होतें. त्याचा चेहरा मला आठवेना. मीं मान वर करून त्याच्याकडे पाहिलेंच नव्हतें, एवढें मात्र आठवलें.

येथें कर्त्याचा अधिकार कोठें गेला? पोपनें मला उपदेशाचा एक शब्दहि सांगितला नाहीं. त्यानें वेतन, दंड, भाडें आणि वेळ यांचीं मापें अशीं बसविलीं कीं दया ही महाग वस्तु व्हावी. निवड माझी होती. निवडीची कोंडी त्याची होती. या कथेला वीस शेवट आहेत, आणि ते सर्व त्याच एका कर्त्यानें योजलेले आहेत. नाटककार प्रसंग रचतो, खेळकथाकार नियम रचतो. आणि माणसाचें शील जितकें प्रसंगांतून, तितकेंच नियमांतूनहि उघडें पडतें, हें कोणत्याहि कचेरींत एक दिवस बसलेल्या मनुष्यास कळण्यासारखें आहे.

तिसरा आक्षेप आपल्या साहित्यशास्त्राचा आहे, आणि तोच मला खरा वाटतो. अभिनवगुप्ताच्या मतें स्वतःच्या सुखदुःखांत गुंतलेल्या मनास रसास्वाद घडत नाहीं. मग जिंकण्याच्या चिंतेनें व्याकुळ झालेल्या खेळाडूला तो कसा घडावा? याचें उत्तर शोधण्यास परदेशीं जावयास नको. १९२१ च्या बडोदें येथील साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून नरसिंह चिंतामण केळकरांनीं 'सविकल्प समाधी'ची उपपत्ति मांडली: वाचक स्वतः स्वतःच राहतो आणि त्याच वेळीं दुसऱ्याच्या अंतरंगांतहि वास करतो. खेळकथेंत हेंच घडतें. मात्र येथें त्या समाधींतील मनुष्याला हात फुटतात. मॅक्बेथबरोबर मीं कित्येक वर्षें भय अनुभविलें. परंतु डंकनचा खून मीं कधीं केला नव्हता. त्या बाईला मात्र मींच परत पाठविलें. स्वतःच्या कृतीचा अनुताप, आणि तोहि कोणाच्या केंसालाहि धक्का न लागतां, हा अनुभव मला दुसऱ्या कोणत्याहि कलेनें दिलेला नाहीं. जुन्या रसांच्या यादींत त्याला जागा नसेल, तर यादी तपासून पाहावी. अनुभव खोटा ठरवूं नये.

खेळांतून नीति शिकविण्याची कल्पना आपणांस अपरिचितहि नाहीं. परंपरेनें ज्ञानेश्वरांच्या नांवाशीं जोडलेल्या मोक्षपटांत पुण्याच्या शिड्या आणि पापाचे साप आहेत. परंतु तेथें चढणें-उतरणें कवड्यांच्या दानावर अवलंबून असतें. पाप घडतें, केलें जात नाहीं. खेळकथेनें कवडी काढून घेतली आणि तिच्या जागीं खेळणाराचें मन ठेवलें, हा लहानसहान फरक नव्हे.

माझें गाऱ्हाणें म्हणूनच आमच्या रसिकांविरुद्ध आहे. संगणकाची विद्या आमच्या मुलांना येते. कथा सांगण्याची हौसहि त्यांना आहे. पण या दोहोंचा संयोग करूं पाहणाराला आपण हंसून गप्प बसवितों. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडण्याच्या कामावर हजेरीपट भरणारा एखादा मुकादम घ्या. रांगेंत कोणाचें नांव लिहावें, कोणाचें गाळावें, आजारी पडलेल्या बाईचा दिवस भरावा कीं खाडा मांडावा? ही खेळकथा मराठींतच लिहिली जावी, कारण तो हजेरीपट आपल्याच हातांनीं भरला आहे. ती लिहिणारा तरुण उद्यां सभेंत उभा राहिला, तर हंसण्यापूर्वीं त्याचा खेळ एकदा खेळून पाहावा, एवढीच त्या विद्वान् गृहस्थांस माझी विनंति आहे.