आवाज नेमका कुठून येतो?

जळगाव-धुळ्याकडच्या मोठ्या मंगल कार्यालयांत मागच्या रांगेतल्या ज्येष्ठांना बोलणे ऐकू येते, पण कळत नाही. त्यांची नजर व्यासपीठाकडे असते आणि शब्द बाजूच्या स्पीकरमधून येतात. हा दोष त्यांच्या वयावर ढकलू नये.

दोन कानांत आवाज पोहोचण्यातला फरक एक मिलिसेकंदाहूनही कमी असतो. त्यावरून मेंदू दिशा ओळखतो. भिंतींवरून परतणाऱ्या लाटांच्या गर्दीत तो सर्वांत आधी आलेल्या लाटेवर भरवसा ठेवतो आणि बोलण्याचे सुमारे ३० मिलिसेकंदांत आलेले पडसाद तिच्यातच मिसळून घेतो. वॉलॅक, न्यूमन आणि रोझेन्झ्वाइग यांनी १९४९मध्ये हे प्रयोगांनी दाखवले.

धाब्याच्या घरातली मातीची भिंत आवाज थोडा तरी शोषते. फरशी, काच आणि स्लॅब तो जवळजवळ सगळाच परत फेकतात. त्यात स्पीकरची भर. व्यासपीठापासून ३० मीटरवर मूळ आवाज पोहोचायला सुमारे ९० मिलिसेकंद लागतात, पण तिथला स्पीकर तारेवरून लगेच बोलतो. पहिली लाट त्याचीच! त्याचा आवाज शंभरेक मिलिसेकंद उशिरा सोडला आणि बेताचा ठेवला, तर शब्द पुन्हा वक्त्याकडून येतात. ही सोय आजच्या बहुतेक डिजिटल ध्वनियंत्रणांत असते.

सभागृह बांधणाऱ्यांनी झुंबरांआधी जाड पडद्यांचा आणि ध्वनिशोषक छताचा खर्च धरावा. वाचकहो, हॉल ठरवताना मागच्या रांगेत बसून एकदा ऐकून पाहा.