दारची बाग आणि मागचा सडा

पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या की मालकाला पहिली हौस सुटते ती बागेची. साताऱ्याहून कासच्या पठाराकडे जाणाऱ्या २५ किलोमीटरांच्या रस्त्यावर अशी निवासे आता पुष्कळ झाली आहेत, आणि त्यांच्या बागा बहुतेक एकाच साच्यातल्या. विकत आणलेली हिरवळ, एक झोपाळा, फोटो काढून घ्यायला एक कमान. यंदा भाद्रपदात आम्ही मंडळी उतरलो ते निवास त्या मानाने गरीबच म्हणायचे. अंगणात झेंडू, जास्वंद, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेली कर्दळ आणि मांडवावर पडवळ. पण घराच्या मागे अर्धा एकर जांभ्याचा उघडा खडक होता. मालकीणबाईंनी (त्यांना सगळा गाव मावशी म्हणतो) त्यावरून चुन्याने रंगवलेल्या दगडांची पायवाट आखली होती. पाहण्याजोगी बाग ती.

कासचे प्रसिद्ध पठार सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. तिथे साडेआठशेच्या आसपास फुलझाडांची नोंद झाली आहे आणि २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर त्याचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले. हंगामात तिथे तिकीट काढून जावे लागते, आणि गर्दी अशी की फुलांपेक्षा माणसेच जास्त पाहून होतात. मावशींच्या खडकाला तिकीट नाही.

"हितं पाय नगा ठेवू," मावशी काठीने दाखवीत पुढे चालल्या होत्या. "खाली बिऱ्हाडं हायेत."

वाकून पाहिले तर बोटभर मातीत निळीजांभळी इवलीशी फुले. सीतेची आसवे. नाव असे करुण, पण वनस्पती पक्की शिकारी. तिच्या बारीक पिशव्या ओल्या मातीत दडलेल्या असतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्यांत ओढून घेतात. शेजारी दवबिंदू, पानांवरच्या चिकट थेंबांनी चिलटे धरून बसलेले. पावसाने धुऊन निघालेल्या त्या मातीत नत्र जवळजवळ नसतेच. मग ते कुठून तरी मिळवायला नको का? पुढे गेंदाच्या पांढऱ्या गुंड्या, कवल्याची पिवळी फुले (मुले त्यांना मिकी माउस म्हणतात, आणि एकदा ऐकले की मोठ्यांनाही दुसरे काही दिसत नाही), आणि खडकाच्या उतारावर गुलाबी तेरडा. गौरीला आपण आणतो तो तेरडा थोरला; हा त्याचा वीतभर धाकटा भाऊ.

आमच्या घरच्या गॅलरीत चाळीस कुंड्या आहेत. सौ.ने साहजिकच विचारले, "मावशी, एक रोप नेऊ का? चांगली खतमाती घालीन."

मावशी हसल्या. "तिथंच तर मरंल ते, ताई. खत घातलं की गवत माजतं, आन् गवताखाली ह्ये गुदमरतं. ह्येला गरिबीच मानवती."

शेतकी महाविद्यालयात याहून निराळे काय सांगत असतील असे वाटत नाही. भरघोस मातीत धटिंगण झाडांचे राज्य. या चिमण्या मंडळींना खडकाचा किल्ला हवा, जिथे दुसरे कोणी टिकत नाही. कडेला टोपली कारवीची झुडपे होती, उपड्या टोपल्या मांडून ठेवाव्यात तशी. ती सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. मावशींचा हिशेब सोपा: "पोरगा चौथीत व्हता तवा फुलली, मंग अकरावीत."

तोच मुलगा आता पाहुण्यांची ने-आण करतो. रात्री जेवणावर त्याने विषय काढला. खडकावर मुरूम पसरून सपाटी करायची, आठ गाड्या लागतील. फुलांचा हंगाम जेमतेम दीड महिना, बँकेचा हप्ता बारा महिने. फोनवर लोक आधी गाडीची जागा विचारतात, फुलांचा प्रश्न आला तर शेवटी. पोरगा खोटे बोलत नव्हता. मावशी भाकरी वाढत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "मुरूम काय, यका दिसात पडतो. उचलून कोन द्येनार?"

मला वाटते, हा निकाल त्या घरात लागायचा नाही. तो आपण पाहुणे लावणार, खोली ठरवताना पहिला प्रश्न कोणता विचारतो त्यावर. फाटकापासून दोनशे पावले चालायची तयारी असली, तर गाड्या रस्त्याकडेच्या पडीक तुकड्यात सहज लागतील. मुलानेच ती जागा मला दाखवली. पण तिथून सामान कोण वाहणार, हा त्याचा सवाल.

हा अंक हाती पडेल तेव्हा सडा वाळून पिवळा झाला असेल. बी खडकाच्या भेगांत जाऊन बसले असेल, आणि पाहणाऱ्याला तिथे नुसता ओसाड माळ दिसेल. परवा मावशींना फोन केला. मुरमाचा एक ढीग फाटकाशी येऊन पडला आहे. त्यावर घोंगडी पसरून त्यांनी नाचणीची कणसे वाळत घातली आहेत.