विश्वास आणि विचारणा

लोकशाहीत लष्करावर मुलकी सत्तेचा अंमल असावा, हे तत्त्व नागरिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकापासून संसदेतील भाषणांपर्यंत सर्वत्र निःशंकपणे सांगितले जाते. तो अंमल प्रत्यक्षात कसा चालवावयाचा, याचा उलगडा मात्र क्वचितच होतो. ज्याने आयुष्यात कधी गणवेश चढविला नाही, अशा मंत्र्याने सारी हयात सैन्यात घालविलेल्या सेनापतीला आज्ञा द्यावयाची ती कोणत्या अधिकाराने आणि कोणत्या मर्यादेपर्यंत? हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हे. त्याच्या चुकीच्या उत्तराची किंमत सीमेवरील जवानांना प्राणांनी मोजावी लागते. भारतापुरते बोलावयाचे तर या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर, त्यातील गुणांसह आणि उणिवांसह, यशवंतराव चव्हाण यांच्या संरक्षणमंत्रिपदाच्या चार वर्षांत सापडते.

हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, असे त्यांच्या दिल्लीगमनाचे वर्णन महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने केले जाते. वर्णन हृद्य आहे. पण त्यामुळे एक गोष्ट झाकली जाते. यशवंतरावांनी २१ नोव्हेंबर १९६२ रोजी शपथ घेतली, आणि त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. म्हणजे सह्याद्री पोहोचला तेव्हा लढाई संपली होती. बोमदिला पडले होते, सेनाप्रमुख जनरल थापर पायउतार होऊन जनरल जयंतनाथ चौधरी यांनी सूत्रे हाती घेतली होती, आणि सैन्याचा स्वतःवरचा व सरकारवरचा विश्वास पार ढासळला होता. कराडचा हा वकील, बेचाळीसच्या आंदोलनातील भूमिगत कार्यकर्ता आणि महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री दिल्लीला गेला, तो युद्ध लढण्यासाठी नव्हे. मंत्री आणि सेनापती यांच्यातील तुटलेला दुवा सांधण्यासाठी.

हा दुवा तुटला कसा, हे पाहिल्यावाचून पुढचे समजणार नाही. त्यांच्या आधीचे मंत्री कृष्ण मेनन हे बुद्धिमान होते. देशी शस्त्रोत्पादनाचा त्यांनी धरलेला आग्रह दूरदृष्टीचा होता, सैनिकी शाळांची कल्पनाही त्यांच्याच कारकीर्दीत आकाराला आली आणि पहिली शाळा १९६१ साली साताऱ्यात उघडली. परंतु मुलकी अंमल म्हणजे मंत्र्याची व्यक्तिगत मर्जी, असा अर्थ त्यांच्या काळात रूढ झाला. १९५९ साली सेनाप्रमुख जनरल थिमय्या यांनी राजीनामा दिला आणि पंडित नेहरूंच्या शब्दाखातर तो मागे घेतला, तेव्हाच धोक्याची घंटा वाजली होती. ती ऐकली गेली नाही. ज्यांना युद्धात सैन्य चालविण्याचा अनुभव नव्हता, अशा जनरल कौल यांच्याकडे ईशान्य सीमेवरील सेनाविभाग ऐन संकटात सोपविण्यात आला. जे लष्करी जाणकाराने ठरवावयाचे ते दिल्लीत ठरत राहिले, आणि लढाऊ हवाई दल वापरावे की नाही, हा जो खरा राजकीय निर्णय, त्याचा मात्र पुरता विचारच झाला नाही.

यशवंतरावांनी हा क्रम उलटा केला. तिन्ही दलांचे प्रमुख आणि संरक्षण सचिव यांच्याशी रोज सकाळी एकत्र बैठक, हा त्यांनी पाडलेला साधा प्रघात वरवर कारकुनी वाटेल. पण ज्या खात्यात माणसे एकमेकांशी कागदांतूनच आणि संशयानेच बोलत होती, तेथे तो औषधासारखा लागू पडला. बढत्यांचा प्रश्न त्यांनी मर्जीच्या कक्षेतून बाहेर काढला. ८ लाख २५ हजारांचे भूदल, ४५ स्क्वाड्रनांचे हवाई दल आणि डोंगरी युद्धासाठी खास तुकड्या यांची १९६४ ते १९६९ अशी पाच वर्षांची योजना आखली गेली. शस्त्रांसाठी ते अमेरिकेला गेले, पुढे रशियालाही गेले. अमेरिकेने आधुनिक लढाऊ विमाने नाकारली, तेव्हा मिगचा मार्ग धरला. पैसा, माणसे, सामग्री आणि परराष्ट्रांशी व्यवहार ही मंत्र्याची कामे. रणनीती ही सेनापतीची, अशी वाटणी त्यांनी मनाशी केलेली दिसते.

या वाटणीची कसोटी १ सप्टेंबर १९६५ रोजी लागली. छांब भागात पाकिस्तानी रणगाडे आत घुसले, अखनूरचा पूल धोक्यात आला. त्या दुपारी जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग मंत्र्यांकडे आले, ते विमाने वापरण्याची परवानगी मागण्यासाठी. मंत्रिमंडळाच्या समितीची वाट न पाहता यशवंतरावांनी काही मिनिटांत होकार दिला, आणि संध्याकाळी पठाणकोटहून विमाने उडाली. संघर्ष पेटविणारा तो निर्णय फसता, तर दोष एकट्या यशवंतरावांच्या माथी आला असता. मुलकी अंमल म्हणतात तो हाच: सेनापतीने सल्ला द्यावयाचा, मंत्र्याने निर्णय घ्यावयाचा, आणि परिणामाची जबाबदारी मंत्र्याने उचलावयाची. समोरच्या देशात त्या वेळी काय होते? अयूब खान सरसेनापती असतानाच १९५४ साली संरक्षणमंत्री झाले आणि १९५८ साली त्यांनी सारी सत्ताच बळकावली. सल्ला देणारा आणि तो तपासणारा हे एकच झाले, की तपासणी उरतच नाही. काश्मिरात घुसखोर पाठविण्याचा आणि भारत आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडणार नाही हे गृहीत धरण्याचा पाकिस्तानचा जुगार याच व्यवस्थेत जन्मला.

येथवर यशवंतरावांचे पारडे जड आहे. परंतु गौरवग्रंथ जेथे थांबतात, तेथे विचार करणाऱ्याने थांबून चालणार नाही. मेननयुगाचा धसका इतका मोठा होता, की विश्वासाची जागा हळूहळू अलिप्ततेने घेतली. ‘लष्करी बाबतीत मंत्र्याने विचारू नये’ हा नवा दंडक पडला. त्याचे फळ १९६५ मध्येच दिसले. १ सप्टेंबरच्या पहिल्याच संध्याकाळी चार व्हँपायर विमाने पडली, काही मारा आपल्याच जवानांवर झाला. भूदल आणि हवाई दल यांनी एकत्र आखणी केलेलीच नव्हती. युद्धाच्या अखेरीस, लढाई लांबविल्यास यश मिळेल काय, असे पंतप्रधान शास्त्री यांनी विचारले, तेव्हा दारूगोळा बहुतांशी संपत आल्याचे सेनाप्रमुखांनी सांगितले. प्रत्यक्षात आघाडीवरील साठ्यापैकी सुमारे १४ टक्केच खर्च झाल्याचे पुढे आढळून आले. २३ सप्टेंबरच्या युद्धबंदीमागे इतर कारणेही होती. तरीही एवढा प्रचंड निर्णय ज्या आकड्यावर टेकला होता, तो आकडा तपासून घेण्याची यंत्रणा मंत्रालयाकडे नव्हती, ही गोष्ट लहान नाही. हिशेब विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. घरचा कर्ता कारभाऱ्यावर विश्वास टाकतो, पण वर्षअखेरीस वही पाहतोच.

हीच उणीव १९६२ च्या पराभवाच्या चौकशीतही राहिली. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांची चौकशी सैन्याचे प्रशिक्षण, सामग्री, नेतृत्वव्यवस्था, जवानांची शारीरिक क्षमता आणि सेनाधिकाऱ्यांचा वकूब यांपुरती होती. दिल्लीत निर्णय कसे झाले, हा विषय तिच्या कक्षेबाहेरच होता. २ सप्टेंबर १९६३ रोजी यशवंतरावांनी लोकसभेत तिचा सारांश निवेदिला, पण अहवाल मांडला नाही. खचलेल्या सैन्याचे धिंडवडे काढावयाचे नाहीत, हा त्यामागील हेतू त्या क्षणी समजण्याजोगा होता. पण सहा दशके उलटली, तरी तो अहवाल अधिकृतपणे प्रसिद्ध झालेला नाही. क्षणापुरते पांघरलेले मौन राज्यकारभाराची सवय बनले. कारगिलनंतर नेमलेल्या समितीचा अहवाल, काही भाग वगळून का होईना, २००० साली संसदेपुढे आला. त्यामुळे सैन्याचे मनोबल खचले नाही, उलट सुधारणांना तोंड फुटले.

आज या प्रश्नाला नवी धार आली आहे. १ जानेवारी २०२० पासून तिन्ही दलांचा एक सेनाधिपती आहे, आणि मंत्रालयातील एका स्वतंत्र विभागाचा सचिवही तोच आहे. दलांतील समन्वयासाठी, १९६५ चा अनुभव पाहता, ही व्यवस्था आवश्यकच होती. परंतु गणवेशातील सल्ला आणि सचिवाची टिपणी एकाच हातून येऊ लागली, की ती तपासणाऱ्या मंत्र्याची आणि संसदेची जबाबदारी दुणावते. संरक्षण खात्याच्या मागण्या लोकसभेत अनेकदा चर्चेवाचून मंजूर होतात. अशा सभागृहाला विचारण्याची सवय लागावी तरी कशी? सैन्याविषयी प्रश्न विचारणारा तो देशद्रोही, असे मानणारे लोक सैन्याचे हित करीत नाहीत. जवानाच्या हाती निकृष्ट शस्त्र गेले, तर ते याच न विचारलेल्या प्रश्नापायी.

यशवंतराव १९६६ च्या नोव्हेंबरात गृहखात्याकडे गेले; पुढे अर्थ, परराष्ट्र आणि उपपंतप्रधानपद अशी पदे त्यांनी भूषविली. पण मानहानी सोसलेल्या सैन्याला तीन वर्षांत ताठ उभे करणारा मंत्री, हीच त्यांची ओळख इतिहासात टिकेल. सेनापतीवर विश्वास कसा टाकावा, हे त्यांनी देशाला शिकविले. त्या विश्वासाला निर्भय विचारणेची जोड देणे, हा अपुरा राहिलेला अर्धा धडा होय. तो पुरा करणे हे त्यांच्यानंतर त्या खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकाचे, आणि त्याला निवडून देणाऱ्या नागरिकांचेही, कर्तव्य आहे.