सत्तांतर झाले, दारिद्र्याचे काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूच्या रस्त्यांवर उतरलेल्या तरुणाईने अवघ्या दोन दिवसांत ओली सरकार उलथवले. राजकीय क्रांती झाली की दारिद्र्य संपते आणि शेजारातील मैत्री-वैराची गणितेही बदलतात, हा समज त्यामुळे पुन्हा बळावला. यातील उत्तरार्ध बहुधा खरा ठरतो. पूर्वार्धाची परीक्षा मात्र कठोर आहे आणि ती पाहण्यासाठी हिमालयापर्यंत जाण्याचे कारण नाही. करवीरनगरीचा इतिहास त्यासाठी पुरेसा बोलका आहे.

१९३९ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्रजा परिषद स्थापन झाली. माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार यांच्यासारख्यांनी जबाबदार राज्यपद्धतीसाठी लढा दिला आणि १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पुढे १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या छत्राखाली शेकाप, समाजवादी, कम्युनिस्ट आणि जनसंघही एकत्र आले. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर हादरा बसला. परंतु १ मे १९६० रोजी राज्य झाले, आघाडी विरली आणि १९६२ मध्ये काँग्रेस पूर्ववत सत्तारूढ झाली. आघाड्या अशा भराभर बदलल्या. मग शेतकऱ्याच्या घरात दाणा कशाने आला?

त्याचे श्रेय राजकारणाला मुळीच नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कसणाऱ्या कुळाला मालक मानले. सत्ता बदलल्यावाचून हे घडले नसते. तथापि नावावर चढलेल्या जमिनीला पाणी लागते. भोगावतीवरील राधानगरी धरणाचे काम राजर्षी शाहू महाराजांनी १९०९ मध्येच आरंभिले होते. ते पूर्णत्वाला गेले स्वातंत्र्योत्तर काळात. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा त्यांचा निर्णय १९१७ चा. त्या पाण्यावर आणि शिक्षणावर सहकाराची उभारणी झाली. पंचगंगा कारखाना उभारणारे रत्नाप्पा हे प्रजा परिषदेचेच लढवय्ये होते. लढ्यातून बाहेर पडून ते संस्थेच्या उभारणीत शिरले, यातच मर्म आहे.

ऊसदराच्या आंदोलनानेही हेच शिकवले. जयसिंगपूरच्या ऊस परिषदांनी कारखानदारांना हिशेब द्यायला लावला. राजू शेट्टी यांची स्वाभिमानी शेतकरी संघटना २०१४ मध्ये महायुतीत गेली, २०१७ मध्ये बाहेर पडली, २०१९ मध्ये काँग्रेस आघाडीबरोबर लढली. या उलथापालथींत उसाला दर मिळाला. पण तो ऊस तोडणाऱ्याचे काय? बीडकडून मुकादमाची उचल घेऊन येणारे जोडपे आजही शिरोळ-हातकणंगल्याच्या फडाकडेला कोपीत हंगाम काढते आणि त्यांच्या मुलांची शाळा सुटते. ज्यांच्या मतांची येथे गरज नाही, त्यांच्यापर्यंत कोणतीच क्रांती पोहोचलेली नाही.

नेपाळचा अनुभव निराळा नाही. १९९६ ते २००६ या दशकातील माओवादी संघर्षात तेरा हजारांहून अधिक माणसे मेली. २००८ मध्ये राजेशाही गेली. पंतप्रधान झालेले प्रचंड प्रथेप्रमाणे आधी दिल्लीला न येता बीजिंगला गेले. शेजाराचे समीकरण असे एका विमानप्रवासात बदलले. नेपाळी तरुण मात्र आखाताच्या आणि मलेशियाच्या वाटेवरच राहिला. देशाच्या सकल उत्पन्नाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतकी रक्कम अशांच्या कमाईतून येते.

सत्तांतराने दार उघडते. आत चूल पेटवण्याचे काम पाणी, शाळा, पतपुरवठा आणि सचोटीच्या संस्थाच करतात. ते संथ असते, त्याच्या मिरवणुका निघत नाहीत. निवडणुकीच्या गुलालात रमणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावाच्या शिवारातील एका कोपीपर्यंत जाऊन यावे. आपण आणलेले परिवर्तन कुठवर पोहोचले, हे तेथे कोणी सांगावे लागणार नाही.